सुतावरून

मार्चमध्ये तळं अजून गोठलेलं होतं.
आम्ही बर्फाला भोक पाडलं, नळी खाली सोडली
आणि साडेपाच मीटर चिखल
वर ओढून घेतला, तुकड्यातुकड्यांनी,
काळा, गार, कुजक्या अंड्याच्या वासाचा.
तार्तूला परतताना तो मागच्या सीटवर आडवा,
पट्टा लावून.

माझं काम मोजायचं.
चिमूटभर चिखल आम्लात उकळायचा,
काचेवर एक थेंब,
आणि पाचशे परागकण होईपर्यंत
भिंगावरून डोळा काढायचा नाही.
बर्च, बर्च, पाइन, राय, बर्च,
उजव्या अंगठ्याखाली टिकटिक यंत्र,
डाव्या हाताशी निवलेली कॉफी.

अठ्ठावीस सेंटिमीटरवर बर्च मागे पडला.
भांग. भांग. भांग.
नशेची नव्हे, दोराची;
जिच्या सालीतून पोती निघतात, जाळी निघतात.
एका काचेवर दोनशे चौदा.
शिशाच्या घड्याळानं साल सांगितलं:
एकोणीसशे बावन्न,
चार वर्षं इकडे किंवा तिकडे.

खालच्या मजल्यावर आर्वेद बसतो, इतिहासवाला.
त्यानं सामूहिक शेताची वही उघडली.
बटाटे इतके हेक्टर. राय इतकी.
भांग, शून्य.
शून्याखाली शिक्का, शिक्क्याखाली सही.
"तुझी नळी हलली असेल."
"तुझ्या कारकुनाचा हात हलला असेल."
सहा महिने आम्ही एकमेकांना पाण्यात पाहिलं.
मी तर भिंगातून.

मला हिशेब सोपा वाटत होता.
पोहऱ्यात आलंय, म्हणजे आडात होतंच.
मी आलेख काढला, लागवड वाढल्याचा,
देवळाच्या मनोऱ्यासारखा सुळका,
आणि पायथ्याशी बारीक अक्षरांत माझं नाव.

मारित लोकांचं बोलणं गोळा करते.
ती म्हणाली, चल, एकाला भेटू.

काल्यो. बर्फ हटवणाऱ्या गाडीवरचा निवृत्त चालक.
आमच्याकडे न बघता
करवतीच्या दात्यांना कानस लावत राहिला.
"लागवड कसली," म्हणाला,
"बटाट्यांच्या मागे चार वाफे.
आई रात्री पेंढ्या तळ्यात बुडवायची,
वर दगड, साल सुटेपर्यंत.
मी आठ वर्षांचा.
माझं काम काठावर उभं राहून
मोटारीचा आवाज येतो का ऐकायचा.
मासे मरायचे. पहाटे पांढरी पोटं वर.
तीही आम्हीच वेचायचो,
कुणाला दिसायच्या आत."

कानस थांबली.

"दोर विकून तिनं मला बूट घेतले.
डावा तंग होता."

परतताना गाडीत मारितनं टेप लावली नाही.
मी मनात सुळका पुन्हा काढत होते:
फुलोऱ्यासकट बुडवलेल्या पेंढ्या,
त्यातून थेट पाण्यात गळलेले पराग.
दोनशे चौदा म्हणजे शेत नव्हतं.
दोनशे चौदा म्हणजे एक बाई,
कमरेएवढ्या पाण्यात,
आणि काठावर एक कान.

निबंध छापून आला. लेखक सात.
काल्यो तळटीप एकतीसमध्ये:
स्थानिक रहिवासी, तोंडी माहिती.
त्याच्या आईचं नाव एल्फ्रीडे,
ते घालायला रकाना नव्हता.
परीक्षकानं फक्त विचारलं,
चुकीची मर्यादा किती धरली आहे?
आर्वेदनं लिहिलं, चार वर्षं.
मग पेन तसंच धरून बसला,
बराच वेळ.

एक प्रत घेऊन मी काल्योकडे गेले.
त्यानं आलेख उजेडात धरला.
"यातली आई कुठली?"
मी दाखवली.
त्याचं तेलकट बोट तिथे टेकलं,
मग खाली सरकत गेलं, एक मीटर दहापर्यंत,
जिथे अजून एक सुळका आहे, बुटका,
जमीनदारांच्या काळातला,
ज्याबद्दल आम्ही एक ओळही लिहिली नव्हती.
"आणि ही कोण?"
म्हटलं, ठाऊक नाही.
त्या सालच्या वहीतही शून्यच आहे.

"मग तेही रात्रीचंच," तो म्हणाला,
आणि कागदावरचा तेलाचा डाग
बाहीनं पुसायला लागला.
तो पसरत गेला.